एका नावाखाली किती मिरच्या?

एप्रिल-मे महिन्यांत कोन गावात आणि भिवंडीच्या आसपासच्या आगरी घरांत वर्षाच्या मसाल्याची तयारी चालते. मिरच्या निवडायच्या, देठ खुडायचे, कडकडीत उन्हात वाळवायच्या आणि मग कांडपाला न्यायच्या. मसाला करणाऱ्या बाईला प्रमाण तोंडपाठ असते: रंगासाठी बेडगी, चवीचा मेळ साधायला संकेश्वरी, ठसक्यासाठी लवंगी नाहीतर पांडी. पण दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणच्या बाजारात गेले किंवा भिवंडीच्या पेठेत विचारले, तर एक अडचण नेहमी समोर येते. 'संकेश्वरी' म्हणून दोन दुकानांत दोन वेगळ्या दिसणाऱ्या मिरच्या मिळतात आणि 'बेडगी' आणि 'काश्मिरी' अशा दोन नावांखाली ठेवलेला माल मात्र सारखाच दिसतो. मग या मिरच्या एकमेकींच्या कोण लागतात? सख्ख्या, चुलत, की परक्या? आणि हे ठरवायचे कशावरून?

प्रश्न दुकानदाराच्या प्रामाणिकपणापुरता नाही. मिरचीवर रोग आला, पाऊस लांबला किंवा बाजाराची मागणी बदलली, तर नवा वाण तयार करण्यासाठी हाताशी वेगवेगळे गुण असलेले बियाणे लागते. ते आपल्याकडे किती आहे, हे नावांच्या यादीवरून कळत नाही. शंभर नावे असतील आणि आत बियाणे दहाच प्रकारचे असेल. किंवा नाव एकच असेल आणि त्याच्या आत विविधता भरपूर असेल. ती मोजण्यासाठी वनस्पतीशास्त्रज्ञ जनुकीय मार्कर वापरतात. मार्कर म्हणजे डीएनएवरची एखादी अशी जागा, जी झाडाझाडांत वेगळी असते आणि प्रयोगशाळेत ओळखता येते. या खुणा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: महाराष्ट्रातल्या देशी मिरच्यांच्या बाबतीत दोन नावांमधला फरक मोजण्याइतकेच, किंबहुना त्याहून निकडीचे काम एका नावाच्या आत काय उरले आहे ते मोजण्याचे आहे.

डोळा कुठे फसतो

अनुभवी शेतकऱ्याला आणि अडत्याला मिरची पाहून बरेच कळते. ब्याडगीची, म्हणजेच बेडगी, मिरची सुकली की तिच्यावर सुरकुत्या पडतात, भिवापुरीची साल जाड असते, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले ज्योती'ला झुपक्यांनी फळे लागतात. या खुणा खऱ्या आहेत. पण त्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: झाडाने आईबापांकडून घेतलेले आणि झाडाला जमिनीतून, पाण्यातून, उन्हातून मिळालेले. एकच बियाणे काळ्या कसदार जमिनीत आणि कोकणातल्या तांबड्या मुरमाड उतारावर लावले, तर फळाची लांबी, सालीची जाडी आणि तिखटपणाही बदलतो. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची पुष्कळदा जास्त तिखट होते. म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन मिरच्या वेगळ्या दिसल्या, तरी फरक बियाण्याचा की शेताचा, हे नुसत्या पाहण्याने सांगता येत नाही.

उलटा घोळही होतो. नजरेत भरणारे काही फरक एखाद्या जनुकातल्या बदलाने घडतात. ढोबळी मिरची आणि तिखट मिरची स्वयंपाकघरात अगदी वेगळ्या वस्तू आहेत; एक भाजी, दुसरी मसाला. प्रत्यक्षात दोन्ही एकाच प्रजातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअमच्या आहेत. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिथे ते बनते. ते बनवण्यासाठी 'पन-१' नावाचे जनुक लागते. ढोबळीमध्ये या जनुकाच्या सुरुवातीचा सुमारे अडीच हजार अक्षरांचा तुकडा गळलेला आहे. जनुक चालू होत नाही, म्हणून कॅप्सेसिन बनत नाही. २००५ साली हे सिद्ध झाले, आणि तेव्हापासून रोप चार पानांचे असतानाच ते पुढे तिखट फळ देईल की गोडे, हे पानाच्या तुकड्यावरून सांगता येऊ लागले. एका गळलेल्या तुकड्याने भाजी आणि मसाला असा फरक पडतो, तर दिसण्याला विविधतेचे माप मानणे किती जोखमीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

मूठभर बियाण्याचा वारसा

मिरची आपली वाटते, पण ती अमेरिका खंडातली. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत माणसाने मिरचीच्या पाच प्रजाती लागवडीखाली आणल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि पुढे देशभर पसरली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला ठसका मिऱ्यांचा आणि पिंपळीचा होता. मिरी हा वेल पूर्णपणे वेगळ्या कुळातला. मिरचीचे गणगोत टोमॅटो, वांगी आणि बटाट्याचे.

या इतिहासाला इथे महत्त्व आहे ते एका कारणाने. जहाजातून येणारे बियाणे थोड्या झाडांचे असते. मूळ प्रदेशातल्या हजारो झाडांत जी विविधता विखुरलेली असते, तिचा लहानसा हिस्साच समुद्र ओलांडतो. त्यामुळे आपल्याकडची विविधता मेक्सिकोपेक्षा अरुंद असावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण मिरची एकदाच आली नाही, एकाच बंदरातून आली नाही, आणि आल्यावर ती शांत बसली नाही. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते, तरी मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात आणि परपरागीभवनाचे प्रमाण ठिकाणानुसार अगदी थोड्यापासून निम्म्याहून अधिकपर्यंत जाते. त्यात शेतकऱ्याने दरवर्षी आपल्या पसंतीची फळे बियाण्यासाठी राखली. चार-साडेचारशे वर्षांत या मिश्रणातून आणि निवडीतून गावागावांची मिरची घडली.

पोथीतल्या चुका

मार्कर कसे काम करतात हे समजायला जुन्या हस्तलिखित पोथ्यांचे उदाहरण नेमके उपयोगी पडते. छपाई नव्हती तेव्हा पोथी हाताने उतरवून घेत. उतरवताना चुका होत: एखादे अक्षर बदले, एखादा शब्द दोनदा लिहिला जाई, एखादी ओळ गळे. पुढचा लेखक त्या चुकीसकट नक्कल करी आणि स्वतःची एखादी भर घाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशाच साचलेल्या पाठभेदांतून वाट काढत. पोथ्यांचा अभ्यासक काय करतो? तो अर्थ बदलणाऱ्या मोठ्या फरकांपेक्षा अर्थाला धक्का न लावणाऱ्या बारीक चुका टिपतो. दोन प्रतींत तीच क्षुल्लक चूक त्याच जागी सापडली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असणार. अशा वीस-पंचवीस जागा तपासल्या की कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून आली, याचा वंशवृक्ष मांडता येतो.

मिरचीच्या प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटींहून अधिक अक्षरांची अशी एक पोथी असते, साधारण माणसाच्या डीएनएएवढी लांब. ती १२ गुणसूत्रांत विभागलेली आहे, आणि प्रत्येक झाडाकडे तिच्या दोन प्रती असतात: एक आईकडची, एक बापाकडची. लिपीत अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. २०१४ मध्ये कोरियातल्या आणि चीनमधल्या दोन संशोधनगटांनी ही पोथी पहिल्यांदा जवळजवळ संपूर्ण वाचून प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे ३५,००० जनुके आहेत. पण तीनचतुर्थांशाहून अधिक मजकूर पुन्हापुन्हा आलेल्या तुकड्यांचा आहे. जनुकांबाहेरचा असा मजकूर मार्करसाठी उपयोगी, कारण तिथे झालेली नक्कल-चूक झाडाचे सहसा काही बिघडवत नाही. निवडीच्या चाळणीत ती अडकत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तशीच उतरत राहते आणि नात्याची साक्ष देते. फळ लांब की आखूड, हे शेतकऱ्याच्या पसंतीने ठरले असेल. निरर्थक जागेतले एक बदललेले अक्षर कोणी पसंत किंवा नापसंत केलेले नसते.

पानापासून पट्टीपर्यंत

प्रत्यक्ष काम कोवळ्या पानापासून सुरू होते. नखाएवढा तुकडा पुरतो. तो गोठवून दळायचा, साबणासारख्या द्रावणात गरम करून पेशींची पटले विरघळवायची, प्रथिने आणि इतर द्रव्ये बाजूला सारून अल्कोहोल घालायचे. डीएनए धाग्यांसारखा वेगळा होतो. त्या एवढ्या मजकुरातून तपासायची जागा असते दीड-दोनशे अक्षरांची. ती शोधून वाढवण्याचे काम पीसीआर नावाची प्रक्रिया करते. त्या जागेच्या दोन्ही टोकांना जुळणारे छोटे कृत्रिम तुकडे घालतात, नळी तापवतात, थंड करतात, पुन्हा तापवतात. प्रत्येक फेरीत त्या जागेच्या प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांनंतर एका प्रतीच्या हिशेबाने १०७ कोटींहून अधिक. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये ही युक्ती शोधली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

आता एक जागा जवळून पाहू. समजा, तिथे 'जीए' ही दोन अक्षरे ओळीने आली आहेत: जीए-जीए-जीए-जीए... अशा ठिकाणी नक्कल करताना एखादी आवृत्ती जास्त किंवा कमी पडणे सहज होते. एका झाडात ती १२ वेळा आली, दुसऱ्यात १५ वेळा. दोन्ही बाजूंचा स्थिर मजकूर १५६ अक्षरांचा धरला, तर पहिल्या झाडाचा तुकडा १८० अक्षरांचा आणि दुसऱ्याचा १८६ अक्षरांचा भरतो. हे तुकडे जेलीसारख्या थरात ठेवून विजेचा प्रवाह दिला की लहान तुकडा जाळीतून वेगाने पुढे सरकतो, मोठा मागे राहतो. रंगद्रव्य लावून पाहिले की वेगवेगळ्या उंचीवर पट्ट्या दिसतात. सहा अक्षरांचा फरक असा डोळ्यांना दिसतो. तिसऱ्या झाडाने १८० आणि १८६ अशा दोन्ही पट्ट्या दाखवल्या, तर त्याला एक प्रत आईकडून आणि वेगळी प्रत बापाकडून मिळाली, हे उघड झाले. संकरित बियाणे खरोखर संकरित आहे का, की त्यात आईच्याच वाणाचे बी मिसळले आहे, हे शेतात लावून फळांची वाट न पाहता याच पद्धतीने तपासता येते.

एका जागेवरून काही ठरत नाही. दोन परक्या झाडांत एखादी पट्टी योगायोगाने जुळेलच. म्हणून बाराही गुणसूत्रांवर विखुरलेल्या वीस, तीस किंवा अधिक जागा निवडतात, प्रत्येक झाडाच्या पट्ट्या नोंदवतात आणि प्रत्येक जोडीत किती जागा जुळल्या याचा तक्ता करतात. तीस जागांपैकी २७ जुळणारी झाडे जवळची, १२ जुळणारी लांबची. या तक्त्यावरून संगणक नात्यांचा वृक्ष काढतो. त्याचबरोबर आणखी एक आकडा काढला जातो: एका समूहातली कोणतीही दोन झाडे उचलली, तर एखाद्या जागी त्यांच्या प्रती वेगळ्या निघण्याची शक्यता किती. समूहाच्या आतल्या विविधतेचे हे सर्वांत सोपे आणि कामाचे माप.

चौकट : मार्करच्या तीन पिढ्या

आरएपीडी (१९९०): डीएनएवर कुठेही चिकटेल असा छोटा तुकडा टाकायचा आणि उमटतील त्या पट्ट्या मोजायच्या. स्वस्त आणि झटपट. पण तापमान किंवा रसायन थोडे बदलले तरी पट्ट्या बदलतात, त्यामुळे एका प्रयोगशाळेचे निकाल दुसरीशी ताडून पाहता येत नाहीत. एसएसआर: वर पाहिलेल्या 'जीए-जीए'सारख्या आवृत्त्यांची संख्या. भरवशाचे, आणि आई व बाप या दोघांकडची प्रत वेगळी दाखवणारे. एसएनपी: ठरावीक जागेवरचे एकच बदललेले अक्षर. एका जागेची माहिती थोडी, पण अशा हजारो जागा एका दमात वाचता येतात. आज मोठी कामे यावरच चालतात.

मार्करनी सोडवलेली दोन कोडी

ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाचे उदाहरण बोलके आहे. ती जगातली सर्वांत तिखट मिरची ठरून २००७ मध्ये गिनीजच्या नोंदीत गेली. पण ती कोणत्या प्रजातीची, यावर मतभेद होते. काही लक्षणे फ्रुटेसेन्स या प्रजातीकडे बोट दाखवत, काही चायनेन्सकडे. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आरएपीडी मार्कर लावून पाहिले. मिरची मुख्यतः चायनेन्सची निघाली, पण तिच्या डीएनएत फ्रुटेसेन्सचे अंशही सापडले. म्हणजे दोन प्रजातींचा संकर केव्हातरी आपोआप झाला आणि लोकांनी तो जपला. भांडण लक्षणांवरून सुटण्यासारखे नव्हतेच, कारण दोन्ही बाजूंची लक्षणे खरी होती.

दुसरे कोडे बियाणे-पेढ्यांमधले. जगभरच्या जनुकपेढ्यांत मिरचीचे हजारो नमुने थंड खोल्यांत जपलेले आहेत, प्रत्येकाला वेगळा क्रमांक आणि वेगळे नाव. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दहा हजारांहून अधिक नमुन्यांचा डीएनए वाचला गेला. त्यांतले सोळाशेच्या आसपास नमुने दुसऱ्या एखाद्या नमुन्याची नक्कल निघाले; कधी त्याच पेढीतल्या, कधी दुसऱ्या देशातल्या. वेगवेगळ्या नावांनी तेच बियाणे जपले जात होते. नावांची यादी विविधतेला फुगवून दाखवते, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको. आणि जागा, वीज, मनुष्यबळ मर्यादित असताना नकला कळल्या म्हणजे तीच जागा एखाद्या न जपलेल्या बियाण्याला देता येते.

एका नावाच्या आत

आता आपल्याकडे वळू. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची, गडहिंग्लजच्या बाजारात 'जवारी' म्हणजे गावठी म्हणून मान मिळवणारी संकेश्वरी, हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाळ्यात घेतली जाणारी खोला मिरची, पेडण्याची हरमल मिरची. यांपैकी भिवापुरी, ब्याडगी, खोला आणि हरमल यांना भौगोलिक मानांकन आहे; ब्याडगीला ते २०११ मध्ये मिळाले. ही नावे घेताना आपण नकळत धरून चालतो की प्रत्येक नावामागे एकसारखे बियाणे आहे. तसे नसते. कंपनीचा संकरित वाण एकसारखा असतो. गावाची जवारी मिरची हा एकमेकींशी नाते असलेल्या, पण एकसारख्या नसलेल्या झाडांचा समूह असतो. ब्याडगीतच आखूड, जास्त सुरकुतलेली डब्बी आणि लांबट कड्डी असे दोन प्रकार लोक ओळखतात. एका शेतकऱ्याच्या घरचे बियाणे शेजाऱ्याच्यापेक्षा थोडे वेगळे असते, आणि एकाच वाफ्यातही एखादे झाड रोगाला जास्त तोंड देते, एखादे उशिरा पिकते.

या आतल्या विविधतेचे मोल कळते ते संकट आल्यावर. पानांचा चुरडा-मुरडा किंवा बोकड्या पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूने येतो, फुलकिडे आणि कोळी यांनीही पाने आखडतात. २०२१-२२ मध्ये तेलंगण-आंध्रात नव्याने आलेल्या फुलकिड्याने मिरचीची शेते उद्ध्वस्त केली. सगळी झाडे सारखी असतील तर सगळी एकदम आडवी होतात. समूहात विविधता असेल तर काही झाडे तग धरतात, आणि त्यांचे बियाणे पुढच्या वर्षी उपयोगी पडते. भिवापुरी मिरचीचे क्षेत्र रोगांमुळे आणि संकरित वाणांच्या रेट्यामुळे आक्रसत गेले. क्षेत्र घटते तेव्हा बियाणे राखणारी घरेही घटतात, आणि प्रत्येक घराबरोबर समूहाचा एक हिस्सा जातो. नाव तेच राहते. बाजारात पोत्यावर तेच लिहिलेले असते. आतली विविधता किती ओसरली, ते मार्करशिवाय दिसत नाही.

म्हणूनच नमुने कसे गोळा केले, हा प्रश्न कोणता मार्कर वापरला यापेक्षा मोठा आहे. पुष्कळ अभ्यासांत प्रत्येक वाणाचे एकच झाड किंवा सगळ्या पानांचा एकत्र लगदा घेतला जातो आणि वृक्ष काढून निष्कर्ष मांडले जातात. वाणांमधले नाते कळायला ते चालते, आतली विविधता मोजायला नाही. साधा हिशेब करून पाहा. एखाद्या उपयुक्त जनुकाची प्रत समूहात दहा टक्के प्रमाणात आहे असे धरा. एकच झाड तपासले, तर त्याच्या दोन्ही प्रतींत ती न सापडण्याची शक्यता ८१ टक्के. पाच झाडे तपासली तर ती निसटण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. वेगवेगळ्या घरांची वीस झाडे तपासली तर दीड टक्का. एका झाडावरून 'भिवापुरी अशी असते' म्हणणारा अभ्यास भिवापुरीचा बहुतेक ऐवज बघतच नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप शेतकऱ्यांकडून येतो आणि तो वजनदार आहे: पिढ्यान्‌पिढ्या आम्ही बियाणे राखले, तेव्हा कुठे होते मार्कर? खरे आहे. हे बियाणे प्रयोगशाळेने घडवलेले नाही. कोणती झाडे बियाण्यासाठी ठेवायची, कोणते घर जुने बियाणे राखून आहे, हे ज्ञान गावाकडेच आहे आणि त्याच्याशिवाय नमुने गोळाच करता येणार नाहीत. पण ब्याडगीसारखे सुरकुतलेले, गडद लाल फळ देणारे संकरित वाण आज त्याच बाजारात उतरतात, आणि मधमाश्या शेताच्या बांधाला मानत नाहीत. शेजारच्या संकरित पिकाचा पराग जवारी झाडावर पडला, तर त्या वर्षी फळ जवारीच दिसते. बदल त्याच्या बियांत असतो आणि दिसायला पुढची पिढी उजाडावी लागते. हा शिरकाव पान तपासून रोपाच्या वाढीतच कळतो. डोळ्याला जे उशिरा दिसते ते लवकर दाखवणे, एवढेच मार्करचे काम.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. मार्कर निरर्थक मजकुरातले असतील, तर त्यांतली विविधता चवीबद्दल, रंगाबद्दल, रोगप्रतिकाराबद्दल काय सांगणार? थेट काहीच नाही, आणि हे मान्य न करता काढलेले निष्कर्ष फसवे असतात. दोन मिरच्या मार्करमध्ये लांबच्या निघाल्या, म्हणून त्यांचा संकर चांगलाच होईल याची हमी नाही. तटस्थ मार्कर नाते आणि एकूण विविधता सांगतात. गुण कळायला शेतातल्या चाचण्या, रंग आणि कॅप्सेसिनची मोजणी आणि 'पन-१'सारख्या प्रत्यक्ष जनुकांच्या खुणा लागतात. पण क्रम महत्त्वाचा आहे. पाचशे नमुन्यांची दोन-तीन हंगाम शेतात चाचणी घेणे परवडणारे नाही. मार्करने आधी नकला बाजूला काढल्या आणि विविधतेचा बहुतेक भाग सामावून घेणारे साठ-सत्तर नमुने निवडले, तर चाचणी करण्याजोगी होते.

तिसरा: भौगोलिक मानांकन आहे ना, मग वेगळी मोजणी कशाला? मानांकन नावाचे आणि प्रदेशाचे रक्षण करते. दुसऱ्या भागातल्या मालाला ते नाव लावता येत नाही, आणि यातून शेतकऱ्याला भाव मिळू शकतो. ते मोलाचेच आहे. पण भिवापूरच्या हद्दीत बियाणे बदलत गेले, तर मानांकन ते थांबवत नाही. जुन्या बियाण्याची जनुकीय नोंद असेल, तर पुढे मानांकनालाही भक्कम आधार मिळतो. दळलेल्या मालापर्यंत हे तंत्र पोचले आहे: कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मिरचीपुडीत मिसळलेल्या परक्या वनस्पतींची पूड डीएनएवरून पकडणाऱ्या खुणा तयार केल्या.

चौथी भीती अशी की नोंद झाली की बियाणे कोणी तरी पळवेल. नोंद नसलेल्या बियाण्यावर दावा करणे जास्त सोपे असते. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करू देतो, घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि कंपनीचे नाव न लावता विकण्याचा हक्क देतो, आणि त्या वाणातून कोणी नवा वाण काढला तर लाभातला वाटा मागण्याची तरतूद करतो. वाटा मागताना 'हे बियाणे आमच्या वाणातून आले' हे दाखवावे लागते. तिथे मार्करचा तक्ता शेतकऱ्याच्या बाजूचा कागद ठरतो, मात्र त्याची प्रत गावाकडे असेल तर. नमुने नेऊन निकाल न कळवणारे अभ्यास ही या क्षेत्रातली वाईट सवय आहे आणि ती मोडायला हवी.

काम कुठून सुरू करावे

भिवापुरीपासून सुरुवात केली तर पद्धत सरळ आहे. तालुक्यात घरचे बियाणे राखणारी जितकी कुटुंबे सापडतील तितकी गाठायची. प्रत्येकाच्या शेतातल्या किमान वीस झाडांची पाने, वेगवेगळी, एकत्र लगदा न करता. जोडीला बाजारातले संकरित वाण आणि आसपासचे इतर देशी वाण तुलनेसाठी. त्याच झाडांची फळे रंग आणि तिखटपणासाठी. बियाण्याचा एक वाटा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अकोल्याच्या केंद्रामार्फत दिल्लीच्या जनुकपेढीत, जिथे ते उणे १८ अंशांवर वर्षानुवर्षे टिकते; दुसरा वाटा त्याच कुटुंबाकडे, निकालासकट. पेढीतले बियाणे जिवंत राहते, पण तिथे त्याच्यावर नवा रोग येत नाही आणि त्यातून नवी निवड होत नाही. ती शेतातच होते, म्हणून दोन्ही वाटे लागतात.

घरी बियाणे राखताना आकड्यांचा हाच हिशेब उपयोगी पडतो. पाच टक्के प्रमाणातली एखादी प्रत दहाच झाडांचे बियाणे ठेवले तर एका वर्षात हरवण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. पन्नास झाडांची दोन-दोन फळे ठेवली तर एक टक्क्याहूनही कमी. सर्वांत मोठी, सर्वांत लाल फळे देणाऱ्या दोन-चार झाडांचेच बी धरण्याची ओढ असते, आणि समूह अरुंद होतो तो तिथूनच. संकरित मिरचीचे शेत जवळ असेल तर बियाण्याचा वाफा त्यापासून लांब घ्यायचा. प्रमाणित बियाण्यासाठी नियमाने २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर धरले जाते. एवढी जागा नसेल तर फुले उमलण्यापूर्वी बियाण्याच्या झाडांवर बारीक जाळीचे कापड टाकायचे, आणि फळे धरल्यावर ती झाडे खूण बांधून वेगळी ठेवायची.